मेसेज कुठे गेला? डब्ल्यूएसडीएल १.१ आणि २.०

डब्ल्यूएसडीएल म्हणजे एखाद्या वेब सेवेला काय, कुठे आणि कसं पाठवायचं हे एक्सएमएलमध्ये सांगणारी भाषा. तिची फाईल मी पहिल्यांदा वाचायला घेतली, तेव्हा ती खालून वर वाचायची असते हे कोणी सांगितलं नव्हतं. तळाशी सर्व्हिस, तिच्यात पोर्ट (सेवेचा पत्ता). पोर्टवरून बाइंडिंग (कसं पाठवायचं ते), तिथून पोर्टटाइप (ऑपरेशनांची यादी), त्यातलं ऑपरेशन, ऑपरेशनवरून मेसेज, मेसेजमधला पार्ट आणि मग कुठे स्कीमा, म्हणजे एक्सएमएलची रचना ठरवणारे नियम. पत्ता विचारत निघावं आणि प्रत्येक दारी "पलीकडे विचारा" ऐकावं, तसं.

ती १.१ होती. मार्च २००१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ती प्रसिद्ध केली, पण केवळ 'नोट' म्हणून. तिच्यावर शिफारशीचा, म्हणजे अधिकृत मानकाचा, शिक्का कधीच बसला नाही, तरी सगळे तिलाच मानक म्हणत राहिले. २.० मात्र रीतसर शिफारस, जून २००७ ची. कामाला सुरुवात झाली तेव्हा तिचं नाव १.२ होतं, बदल इतके साचले की आकडाच बदलावा लागला.

नावं सुधारली, ते चटकन सांगतो: पोर्टटाइपचं इंटरफेस झालं, पोर्टचं एंडपॉइंट. बरं झालं. 'पोर्टटाइप' ऐकून त्याचा अर्थ लागलेला माणूस मला अजून भेटायचाय.

खरी गंमत मेसेजची. १.१ मध्ये पार्ट कधी स्कीमातल्या एलिमेंटकडे बोट दाखवतो, कधी नुसत्या टाइपकडे. मग तारेवरून नेमका कोणता एक्सएमएल जाणार? पोर्टटाइप पाहून सांगता येत नाही. बाइंडिंगमध्ये 'आरपीसी' (दूरचं फंक्शन बोलावल्यासारखी पद्धत) लिहिलं असेल तर ऑपरेशनच्या नावाचं वेष्टन चढतं. 'डॉक्युमेंट' असेल तर चढत नाही. म्हणजे काय पाठवायचं हे कसं पाठवायचं यावर अवलंबून! २.० ने मेसेज आणि पार्ट काढूनच टाकले. इनपुट थेट स्कीमातल्या एलिमेंटचं नाव घेतं. आरपीसी उरलं, पण स्कीमा कसा बेतायचा याचे नियम म्हणून.

एकाच नावाची दोन ऑपरेशनं ठेवण्याची १.१ मधली मुभाही गेली. डॉक्युमेंट पद्धतीत ऑपरेशनचं नाव संदेशाच्या मजकुरात जातच नाही, मग समोरच्याने दोघांतलं कोणतं चालवायचं? बदल्यात इंटरफेसला वारसा मिळाला: एक इंटरफेस दुसऱ्याची ऑपरेशनं घेऊ शकतो. एचटीटीपीच्या बाबतीत १.१ गेट आणि पोस्ट या दोन प्रकारच्या विनंत्यांपुरतीच थांबली होती, २.० मध्ये पुट, डिलीटही लिहिता येतात.

एवढं सगळं असून २.० रुळली का नाही? माझ्या मते तिची निकड आधीच संपली होती. २००४ मध्ये डब्ल्यूएस-आय या उद्योगसंघटनेच्या बेसिक प्रोफाईल या नियमसंचाने १.१ मधल्या सर्वांत त्रासदायक वाटा बंद केल्या. एकाच नावाची ऑपरेशनं आणि एन्कोडेड पद्धत (टाइपची माहिती संदेशातच भरून पाठवण्याची), दोन्ही तिथेच बाद. डागडुजी केलेलं घर कोण सोडतो? शिवाय २००७ मध्येच आलेलं बीपेल २.० (वेब सेवा एकत्र गुंफण्याची भाषा) सुद्धा १.१ वरच बेतलेलं. जॅक्स-डब्ल्यूएस या जावातल्या वेब सेवांच्या एपीआयचंही तेच. अ‍ॅक्सिस२ या वेब सेवा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला २.० कळायची, पण पलीकडच्या क्लायंटला कळायला हवी ना!

आणि हळूहळू सरकावं म्हटलं तर तीही सोय नाही. दोघींची नेमस्पेस (टॅग कोणत्या आवृत्तीचा हे सांगणारी ओळख) वेगळी, मुळातला टॅगही वेगळा. जुना पार्सर (फाईल वाचणारा प्रोग्राम) २.० ची फाईल उघडतो, 'डेफिनिशन्स' शोधतो, तिथे त्याला 'डिस्क्रिप्शन' दिसतं, आणि तो पहिल्याच टॅगवर थांबतो.