पाल्कच्या सामुद्रधुनीवरचा पूल: अडचण पाण्याची नाही

तमिळनाडूतलं धनुष्कोडी ते श्रीलंकेतलं तलाईमन्नार. मधे समुद्र साधारण ३० किलोमीटरचा. भारत-श्रीलंका पुलाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: एवढं जमेल का? जमेल की! सौदी अरेबिया आणि बहरीन १९८६ पासून २५ किलोमीटरच्या किंग फहद कॉजवेने जोडलेले आहेत. आपल्याकडे तर रामसेतूच्या पट्ट्यात समुद्र उथळ. दोन्ही देशांत गाड्या डाव्या बाजूनेच चालतात, रेल्वेचे रूळही एकाच मापाचे, १६७६ मिलिमीटर रुंदीचे.

उथळ म्हणजे गरीब समुद्र, असं मात्र समजू नका. तिथली वाळू सरकते, खारी हवा लोखंड खाते. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झालं, पॅसेंजर गाडी उतारूंसकट लाटांनी ओढून नेली. रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल मोडला, तो रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांनी ४६ दिवसांत उभा केला. म्हणजे इंजिनिअर मंडळी मार्ग काढतात. गाडी अडते ती दुसरीकडे.

त्या वादळाआधी मद्रासहून कोलंबोला एका तिकिटावर जाता येत असे. धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, मग बोट, तलाईमन्नारला पुन्हा रेल्वे. पूल नव्हता, पण वाहतूक होती! पुढे बोट रामेश्वरहून सुटू लागली आणि १९८०च्या दशकात श्रीलंकेतल्या यादवी युद्धाने तीही बंद पाडली.

पुलाची कल्पना रानिल विक्रमसिंघे यांनी श्रीलंकेचे पंतप्रधान असताना २००२ च्या सुमारास मांडली. जुलै २०२३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष म्हणून दिल्लीला आले, तेव्हा व्यवहार्यता तपासण्याचं दोन्ही देशांच्या संयुक्त निवेदनात आलं. पण सव्वादोन कोटींच्या बेटाला शेजारच्या एकट्या तमिळनाडूचीच लोकसंख्या तिपटीहून जास्त दिसते. पुलावरून ती इकडे लोटेल, ही त्यांची धास्ती आपण हसण्यावारी नेऊ नये. विरोध फक्त सिंहली राजकारणाचा आहे, हेही खरं नाही. उत्तर श्रीलंकेतले जाफना-मन्नारचे मच्छीमार तमिळच आहेत, पण तमिळनाडूचे ट्रॉलर त्यांच्या पाण्यात शिरून तळ खरवडून नेतात, जाळी फाडतात, हा त्यांचा राग जुना आहे. शेजारी आधीच घरात घुसतोय असं ज्याला वाटतं, त्याला रुंद दरवाजा कसा आवडावा? आणि डुगाँग म्हणजे समुद्रगाय, समुद्रगवत, प्रवाळ यांचं काय करायचं, हे खांब रोवण्याआधीच ठरायला हवं.

मला विचाराल तर पुलाआधी बोट. ऑक्टोबर २०२३ मध्ये तमिळनाडूतलं नागपट्टिनम ते जाफन्याजवळचं कांकेसंतुरै अशी फेरी बोट सुरू झाली, ती मधे खंडित झाली, पुन्हा चालू केली. रामेश्वर-तलाईमन्नार मार्गही उघडावा. तलाईमन्नारची रेल्वे भारताच्या मदतीने २०१५ मध्ये पुन्हा धावू लागलीच आहे. त्या बोटीत कोण चढतं, यात्रेकरू की व्यापारी, काय माल जातो, परत काय येतं, हे दोन-चार वर्षं दिसू दे. चौपदरी रस्ता हवा की नुसता रेल्वेचा पूल, की काहीच नको, याचा हिशेब त्यावरून मांडता येईल.