चहाला घासलेटचा वास

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘भूमिगत इंधनटाक्यांची गळती : माती आणि भूजलाचा तपास’. हे वाचूनही तुम्ही राजवाड्याच्या गर्दीतून वाट काढत आलात, म्हणजे एक तर तुमचं माझ्यावर प्रेम आहे, किंवा नंतर पोहे आहेत हे बाहेर फुटलंय. दोन्ही चालेल.

तपास कसा करायचा ते सांगणारच आहे. पण आधी आमच्या विहिरीची गोष्ट. घरच्यांना ती पाठ आहे. बघा, पुढच्या रांगेत बसून त्यांनी आत्ताच माना खाली घातल्या.

1978 साली जलूदहून नर्मदा इंदूरला आली, 70 किलोमीटरवरून, घाट चढून. तिचं आपल्याला एवढं कौतुक की घरोघरच्या विहिरी आपण मनातून बुजवून टाकल्या, काहींनी तर खरोखरच. पण नर्मदा यायची दिवसाआड आणि मे महिन्यात वाड्यात पाहुणे रोज. त्यामुळे आमच्या विहिरीवरची दीड हॉर्सपॉवरची मोटार चालूच राहिली. अशाच एका मेमध्ये आत्या म्हणाली, चहाला घासलेटचा वास येतोय. आत्याच्या लेखी पेट्रोल, डिझेल, टर्पेंटाइन, सगळं घासलेटच. पहिला संशय गेला मागच्या खोलीतल्या बिऱ्हाडकरूंच्या स्टोव्हवर. काका त्यांना असं काही बोलले की महिनाअखेर त्यांनी खोली सोडली. बिऱ्हाड गेलं, वास राहिला. मग एका सकाळी बादलीतल्या पाण्यावर रंगीबेरंगी तवंग दिसला.

गल्लीच्या तोंडाशी पेट्रोल पंप होता. काका आणि मी तिथे गेलो. मालक भला माणूस, त्याने चहा पाजला (त्याला वास नव्हता) आणि म्हणाला, ‘भिया, पंप उतार पे, बाड़ा आपका चढ़ाव पे. तेल कहीं चढ़ता है क्या?’ काका गप्प झाले. मीही गप्प, आणि मी तेव्हा भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो! त्याचा राग मला अजून येतो. मालकाचा नव्हे, माझाच.

कारण रस्त्याचा उतार आणि भूजलाचा उतार यांची ओळखदेख असेलच असं नाही. आपल्या माळव्यात वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला बसाल्ट. पाणी त्या भेगांनी जातं आणि जिथे उपसा होतो तिकडे झुकतं. पेट्रोल पाण्याहून हलकं, ते त्याच्यावर तरंगत मागोमाग निघतं. आमची मोटार रोज दोन तास पंपाचं पेट्रोल घराकडे ओढत होती, आणि विजेचं बिल आम्ही भरत होतो.

तक्रार केली मेमध्ये, माणूस आला ऑगस्टमध्ये. कुठल्या खात्याचा, ते सोडा. त्याने प्लास्टिकच्या कॅनमध्ये अर्धं पाणी भरलं, तो स्कूटरच्या हँडलला अडकवला आणि उरलेली कामं उरकत दुपारभर गावात फिरला. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जे उडायचं ते उडून गेलेलं. शिवाय पावसाळ्यात भूजल वर चढलं की मातीत अडकलेलं तेल पाण्याखाली कोंडतं, विहिरीत तवंगच येत नाही. वैशाखात पातळी उतरली की तेच तेल पुन्हा निथळून बाहेर. अहवाल आला, ‘पाणी पिण्यायोग्य’. आत्याने तो कागद फडताळात जपून ठेवला आणि चहा नर्मदेच्याच पाण्याचा करत राहिली.

काही वर्षांनी रस्ता रुंद झाला, पंप उठला, क्रेनने टाकी वर काढली. मी रजा टाकून बघायला गेलो. लग्नाला एवढ्या उत्साहाने गेलो नव्हतो. टाकीच्या बुडाला रुपयाएवढं भोक होतं, आणि कुठे म्हणाल, तर बरोबर डिपच्या नळीखाली. साठा मोजायला रोज सकाळी जी काठी आत सोडत, तिचं टोक वर्षानुवर्षं एकाच जागी आपटत होतं. तेल कमी होतंय का हे बघायची काठी, तिनेच तेल कमी केलं! म्हणून तर डिपच्या नळीखाली टाकीच्या बुडाला जाड पत्रा बसवतात.

तेव्हापासून माझं एक वेड आहे. ड्रिलिंगची गाडी बोलावण्याआधी पंपावरची डिपची वही, म्हणजे त्या काठीच्या रोजच्या मापांची नोंद, मागा. 20 हजार लिटरची आडवी टाकी धरा. तासाला एक लिटर गळलं, तर दिवसाला 24 लिटर, काठीवर जेमतेम 2 मिलिमीटर. एका दिवसात ते कोणाच्या डोळ्यांना दिसणार नाही. वर्षात मात्र 8,760 लिटर! सगळे म्हणतात, ‘उडालं असेल’ किंवा ‘मोजताना चुकलं असेल’. अहो, मोजणारा चुकला तर कधी जास्त, कधी कमी चुकेल. रोज न चुकता कमीच येत असेल तर ती चूक नव्हे, गळती. तापलेल्या टँकरमधलं पेट्रोल गार टाकीत आकसतं, हे मान्य. म्हणून वही एका महिन्याची नको, सगळ्या ऋतूंची हवी.

2025 च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन विषारी कचरा जाळायला शेजारच्या पिथमपूरला आला, तेव्हा इंदूरला पाणी देणाऱ्या यशवंत सागर तलावाच्या काळजीने आपली झोप उडाली होती. काळजी रास्तच. पण त्याच आठवड्यात स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना पायाखालच्या टाकीचं वय कोणी विचारलं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

वहीनंतर जुने कर्मचारी गाठा. आधीची टाकी कुठे पुरली होती हे नकाशात नसतं, त्यांना माहीत असतं. मग टाकी आणि पाइप, दोन्हींची गळतीचाचणी. गळती पुष्कळदा पाइपच्या सांध्यात निघते. मग मातीत बोअर. थरागणिक माती झिपच्या पिशवीत घाला, थोडा वेळ थांबा, वाफ मोजणाऱ्या यंत्राची नळी आत खुपसा. निरीक्षणाचे बोअर किमान तीन, आणि एका रेषेत नकोत, त्रिकोणात. तेव्हाच पाणी कुठे वाहतंय ते कळतं, आणि पंपमालकाला उत्तर देता येतं. बोअरमध्ये हातभर तेल दिसलं म्हणून मातीत हातभर असतंच असं नाही. नमुना काचेच्या लहान कुपीत, काठोकाठ, बुडबुडा नको, बर्फात ठेवून. एकदा मेमध्ये, एकदा पावसानंतर.

नाकावर विसंबू नका. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझीनला, म्हणजे त्यातल्या कॅन्सर करणाऱ्या द्रव्याला, एक टक्क्यापर्यंत मुभा आहे. म्हणजे लिटरमागे पावणेनऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटर पाण्याला 10 मायक्रोग्रॅम. एका लिटर पेट्रोलमधलं सगळं बेंझीन विरघळलं तर पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेला टेकतं, आणि तेवढ्या बेंझीनचा वास आत्यालाही आला नसता. शिवाय आता 20 टक्के इथेनॉल. मातीतले जंतू ते आधी फस्त करतात, त्यात प्राणवायू संपतो, बेंझीन तसंच पुढे सरकतं.

2025 च्या जुलैत केंद्राने दूषित जागांचे नियम काढले : आधी प्राथमिक तपास, मग सविस्तर, आणि साफसफाईचा खर्च घाण करणाऱ्याकडून. त्यावर वेगळं व्याख्यान होईल, बोलावलंत तर.

आमच्या विहिरीवर आता पार्किंगचा स्लॅब आहे. बिल्डरला म्हणालो होतो, पातळी मोजायला चार इंची पाइप तेवढा सोडा. म्हणाला, ‘काका, तिथे इनोव्हा लागणार आहे.’