मारुतीच्या कमरेला पाणी

[दृश्य: ढगांत गुरफटलेला ब्रह्मगिरी]

ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र तसा जवळच. त्र्यंबकच्याच डोंगरांतून निघणारी वैतरणा मुकाट पश्चिमेला उतरते आणि समुद्र गाठते. गोदावरी मात्र समुद्राकडे पाठ फिरवते आणि 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आम्हा नाशिककरांच्या वाट्याला पूर आला तो या पाठ फिरवण्यामुळेच.

हे डोंगर लाव्ह्याचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. कठीण काळा पाषाण, मध्ये मऊ थर, वर पुन्हा पाषाण. पावसाने मऊ थर झिजतो, वरचा कडा अधांतरी राहतो आणि एक दिवस सुटतो. सप्तशृंगी गडावर कड्याला जाळ्या ठोकल्या आहेत त्या यासाठी. कसारा घाटात दरड आली की मुंबईची गाडी अडकते, हे तर दर पावसाळ्याचंच.

पावसाचं गणितही विचित्र. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे, आणि दीड-दोन तासांवरच्या सिन्नर-येवल्याकडे 500-600 च्या आसपास. जिल्हा एकच, पण एकाला छत्री पुरत नाही आणि दुसऱ्याला टँकर पुरत नाही.

[दृश्य: गोदाघाट, पूर चढताना]

आता शहरात येऊ. नदीचं नाव गोदावरी असलं तरी जुन्या नाशकात कुणी 'गोदावरीवर जातो' म्हणत नाही. गंगेवर जातो, म्हणतात. आणि गंगेला पूर आला की पहिला प्रश्न असतो, मारुतीच्या कुठवर आलंय?

हा दुतोंड्या मारुती, नदीपात्रातली मूर्ती. एक तोंड पुढे, एक मागे. पायाला पाणी लागलं तर कुणी फारसं मनावर घेत नाही. गुडघ्याला लागलं की घाटावरचे टपरीवाले सामान हलवायला लागतात. कमरेला आलं की होळकर पुलावर बघ्यांची गर्दी होते आणि पोलिसांना शिट्ट्या फुंकाव्या लागतात. छातीच्या वर गेलं की भांडी बाजारात धावपळ. खालच्या फळीवरचे हंडे, पातेली, परातींच्या चळती एकमेकांच्या हातून माळ्यावर चढतात. पितळी घागरी चिखलात गेल्या की पुढचे कितीतरी दिवस घासण्यात जातात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

मारुतीच्या वरची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. 1747 मधलं देऊळ, आणि त्यावर वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. पाणी घंटेपर्यंत चढलं, म्हणजे तो पूर पुढच्या पिढीला सांगायचा. 10 सप्टेंबर 1969 चा पूर अजून सांगतात. त्याआधी चारच वर्षं शहराच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण पुरं झालं होतं. धरण झालं, आता पुराची काळजी मिटली, असं मानायची सोय उरली नाही. पुढे 2008 आला, 2016 आला, 2019 आला.

हल्ली मोबाईलवर आकडा येतो: 'गंगापूरमधून इतके क्युसेक'. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. 20,000 क्युसेक म्हणजे दर सेकंदाला साडेपाच लाख लिटरहून जास्त. हे पाणी रामकुंडावर यायला काही तास लागतात, तेवढाच वेळ हाताशी. पण सराफ बाजारात, दहीपुलावर कधीकधी नदी न चढताच पाणी शिरतं. त्याला कारण सरस्वती नाला. तो वरून झाकला गेलाय, दिसत नाही, म्हणून लक्षात राहत नाही. पावसाच्या मात्र बरोबर लक्षात असतो. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहे. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. माझं मत विचारलंत तर घर घेताना हॉल किती मोठा हे नंतर बघा, आधी या दोन रेषा बघा.

[दृश्य: निफाड तालुका, द्राक्षबागा]

खाली चांदोरी-सायखेड्याला गोदेबरोबर दारणा नदीचंही पाणी येतं, त्यात नांदूरमधमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा. त्यामुळे शहरात पूर ओसरला तरी इथली बाजारपेठ पाण्यातच असते. पण याच पुरांच्या गाळाने ही काळी कसदार जमीन घडवली, म्हणून गाव सोडून कुणी जात नाही.

द्राक्षवाल्याचा खरा वैरी मात्र वरून येतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवा. मणी भरलेले, छाटणीपासून फवारणीपर्यंत सगळा खर्च होऊन गेलेला, आणि काही मिनिटांत घड फाटून खाली. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी 2-3 अंशांवर उतरतो. मग मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं. तिकडे कळवण-पेठकडे तर जमीनच अधूनमधून हादरते, त्याची नोंद नाशिकच्या 'मेरी' या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत होते. धक्के बहुतेक सौम्य, पण कुडाच्या भिंतीच्या घरात ते सौम्य वाटत नाहीत.

[दृश्य: नांदूरमधमेश्वर, पाणपक्षी]

ब्रिटिश काळातल्या या बंधाऱ्यात गाळ साचत गेला, दलदल झाली, पक्षी आले. 2020 मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. इथून सोडलेल्या पाण्याचा आकडा सायखेड्यात घाबरून ऐकतात, आणि तोच आकडा छत्रपती संभाजीनगरात आनंदाने वाचतात, कारण पुढे जायकवाडी धरण आहे. येवल्याच्या शेतकऱ्याचं या दोन्हींशी देणंघेणं नाही. तो विचारतोय, पालखेड कालव्याचं आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार?