कातडीच्या पेशी गप्प बसत नाहीत

(दृश्य: गोव्यातला सत्तरी तालुका. वाळपईच्या पुढची काजूबागायत, एप्रिलची सकाळ.)

या दिवसांत सत्तरीत कुणाच्याही अंगणात काजूच्या बिया वाळत पडलेल्या दिसतात. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, कोळंबीवर (बोंडू तुडवायच्या जागी) जातो, तिथून रस भट्टीला. बी मागे राहते. तिच्या टरफलात जे काळपट तेल असतं, ते कातडीला लागलं की भाजतं. म्हणून बिया फोडणाऱ्या बायका आधी हाताला तेल चोळून घेतात. तरी मनगटावर शिंतोडा उडतोच. बहुतेकींचा डाग थोड्या दिवसांत सुकतो, साल निघते, विषय संपतो.

एखादीला सोरायसिस हा कातडीवर चट्टे उठवणारा, पुन्हा पुन्हा उलटणारा रोग असेल, तर विषय तिथे सुरू होतो. दोनेक आठवड्यांनी नेमक्या त्याच डागावर लाल, जाड, रुपेरी खपल्यांचा चट्टा उठू शकतो. ओरखडा लांबट, तर चट्टाही लांबट. हाइनरिश कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी ही गोष्ट १८७२ साली मांडली. प्रत्येक रुग्णात असं होत नाही, पण होतं तेव्हा प्रश्न पडतो: भाजण्याची खबर आत कोण पोचवतं?

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचा छेद.)

ही खबर देणारी पेशी आहे केराटिनोसाइट. कातडीचा वरचा थर जवळपास सगळा हिचाच. ती तळाशी जन्मते, वर सरकते, वाटेत आपलं केंद्रक टाकून देते आणि चपटी होऊन गळते. या प्रवासाला एरवी महिनाभर लागतो. सोरायसिसमध्ये तो चार-पाच दिवसांत उरकतो. इतक्या घाईत केंद्रक टाकायलाही सवड मिळत नाही. अर्ध्याकच्च्या पेशींचे थर साचतात, मधे हवा अडकते, म्हणून ती रुपेरी चमक.

चट्टा काचपट्टीने हलकेच खरवडला, तर मेणबत्तीच्या मेणासारखा भुगा पडतो. आणखी खरवडा, आणि टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब उमटतात. खालच्या केशवाहिन्या फुगून अगदी वर आलेल्या असतात. (घरी करून पाहू नका. तो ओरखडाही नव्या चट्ट्याला आमंत्रण.)

आता आतली भानगड. जखमी केराटिनोसाइट एलएल-३७ नावाचं छोटं प्रथिन सोडते. त्याचं काम जंतू मारणं. पण सोरायसिसमध्ये ते मेलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटतं, आणि प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी आपल्याच डीएनएला विषाणू समजून बसतात. हा धागा २००७ साली हाती लागला. पुढे इंटरल्यूकिन-२३ हे पेशींमधलं निरोप्या प्रथिन टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, चेतवतं, टी पेशी इंटरल्यूकिन-१७ हे तसंच दुसरं प्रथिन सोडतात, आणि ते येऊन आदळतं पुन्हा केराटिनोसाइटवरच. ती आणखी भराभर वाढते. वर असे रासायनिक निरोप धाडते की आणखी टी पेशी आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. आग ओकणारी आणि तीच आग सोसणारी पेशी एकच.

पूर्वी हा रोग निव्वळ कातडीचा मानत. १९७९ साली सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिल्यावर चट्टे ओसरलेले दिसले, आणि दोषाचं बोट टी पेशींकडे वळलं. मग २०१२ मध्ये काही कुटुंबांत कार्ड-१४ या जनुकातला बिघाड सापडला. हे जनुक त्वचेत मुख्यतः केराटिनोसाइटमध्येच जागं असतं. म्हणजे ठिणगी कातडीतूनही पडू शकते. आधी कोण, हा वाद आम्हाला फारसा कामाचा वाटत नाही. चक्र एकदा फिरू लागलं की ते कुठेही तोडता येतं. कॅल्सिपोट्रिऑलचं मलम केराटिनोसाइटची घाई कमी करतं, नवी इंजेक्शनं इंटरल्यूकिन-१७ किंवा २३ अडवतात. ती महाग आहेत, हेही खरं.

(दृश्य: बांबोळी, गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळाच्या, बाहेरचा बसथांबा.)

इथवर पोचायला मात्र लोक उशीर करतात. आधी गजकर्ण समजून फार्मसीतून ट्यूब येते. मग कुणीतरी स्टेरॉइडच्या गोळ्या देतं. चट्टे झटकन जातात, गोळ्या थांबल्या की दुप्पट जोराने उसळतात, कधी पुवाच्या फोडांसकट. आणि जत्रेच्या पंगतीत शेजारचा माणूस पाट सरकवून बसतो, तो वेगळाच ताप. सोरायसिस शिवल्याने लागत नाही, जेवणातून नाही, तळीत एकत्र न्हाल्यानेही नाही.

चट्टा गेल्यावरही काही टी पेशी त्याच जागी मुक्काम ठोकून असतात. म्हणून तो बहुधा जुन्याच जागी परततो. आणि दर पाच रुग्णांत साधारण एकाचे सांधे धरतात. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसत असतील, सकाळी उठल्यावर बोटं अर्धा तास वळत नसतील, तर डॉक्टरांना चट्ट्याबरोबर हेही सांगा. वाकडा झालेला सांधा पुन्हा सरळ होत नाही.