खिळे, मेथी आणि हार्वेस्टचा भोपळा

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी पकडली की उरुळी, यवत करत करत केडगाव येतं. स्टेशन छोटंसंच आहे. बाहेर येऊन कुणालाही विचारा, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन कुठंय, लगेच हात करून दाखवतात.

आपल्याला शाळेच्या पुस्तकातली पंडिता रमाबाई माहितीय म्हणजे एक फोटो आणि खाली चार ओळी, शारदा सदन १८८९, विधवांसाठी कार्य, झालं. पण ही बाई लहान वयात दुष्काळात आई, वडील, बहीण गमावून भावाबरोबर देशभर पायी फिरलेली, आणि १८९६-९७ ला पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा ती घरी बसूच शकली नाही, मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली घेऊन परत आली. मग १९०० चा गुजरातचा दुष्काळ, आणखी मुली. तेव्हा केडगावात जवळजवळ २००० जणी होत्या म्हणे. आता विचार करा, २००० जणींचा सकाळचा चहा सोडा, पाणीच कुठून आणायचं? विहिरी खणल्या. शेती, गोठा, तेलाचा घाणा, हातमाग, सगळं मुलींनीच चालवायचं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं.

पण मला आज दाखवायचाय तो छापखाना.

रमाबाईंनी ठरवलं की अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं, खेड्यातल्या, नुकतं अक्षर ओळखायला लागलेल्या बाईला कळेल असं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, तेही उतारवयाकडं झुकताना, ऐकायला कमी येत असताना. आणि छापलं कुणी, तर त्याच दुष्काळातून आलेल्या मुलींनी. खिळे जुळवणं म्हणजे काय ते जवळून बघा, एकेक अक्षर शिशाचं, उलटं, ते खणातून उचलायचं आणि ओळीत बसवायचं. इंग्रजीला २६ अक्षरं, आपल्याकडं काना मात्रा वेलांटी आणि वर जोडाक्षरं, म्हणजे खणच शेकड्यांनी. ख्रिस्त लिहायचं तर ख्रि वेगळा, स्त वेगळा. एक पान जुळवा, प्रूफ काढा, चुका दुरुस्त करा, छापा, आणि मग तेच खिळे पुसून एकेक करून परत आपापल्या खणात टाका, कारण पुढच्या पानाला तेच लागणार. हे वर्षानुवर्षं.

१९२१ ला रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, मिशनचा सगळा कारभार तीच पुढं नेणार होती. म्हाताऱ्या आईनं काय केलं, तर पुढची प्रुफं वाचायला घेतली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि बायबल १९२४ ला बाहेर आलं. शेवटचं प्रूफ तपासलं आणि प्राण सोडला असं सांगतात, उपदेशात ही गोष्ट हमखास येते, पण मला त्या शेवटच्या रात्रीपेक्षा आधीची ती सगळी वर्षं जास्त भारी वाटतात, त्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी कुणीतरी मुलगी मान मोडून खिळे निवडत बसली असेल आणि तिचं नाव कुठंच नाही. (खरं सांगायचं तर आज रविवारी चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी बायबल सोसायटीचं भाषांतर वाचतात, रमाबाईंचं नाही. तरी.)

आता कॅमेरा नगरला, आमच्या आजीच्या घरी.

आजी चर्चमध्ये कायम एकाच बाकावर बसते, उजवीकडून तिसरा, आणि उपासना चालू असताना डोळे मिटल्यासारखे करून कोण आलं नाही ते बघते. पाळकसाहेब गमतीनं म्हणतात, मंडळीची हजेरी आजींकडं आहे. सोमवारी सकाळी पिशवी उचलते, पिशवीत मेथीची जुडी, आणि निघते. "काल दिसली नाहीस गं" असं कध्धी विचारत नाही. जाऊन बसते, सूप मागते, "सुनेला वेळ नाही, एवढी निवडू लाग" म्हणून अर्धी जुडी समोर टाकते. मेथी निवडताना माणूस बोलतो. डोळ्यात बघावं लागत नाही ना. नवऱ्याची कंपनी बंद पडली, पोरगं बोलत नाही, रिपोर्ट वाईट आलाय, सगळं त्या सुपात पडतं. प्रार्थना दोन मिनिटांची, निघताना, उभ्यानंच. मी एकदा ऐकलेली, "देवा, हिला आज झोप लागू दे." बस.

मी विचारलं, आजी तू वचन का नाही वाचून दाखवत? म्हणाली, तिला पाठंय सगळं, माझ्यापेक्षा जास्त पाठंय.

तिला साध्वी वगैरे समजू नका हां. एका घरी ती दोन वर्षं गेली नव्हती. भांडण कशावरून, तर हार्वेस्टच्या, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाच्या, लिलावात भोपळ्यावरून! चर्चसाठी लिलाव असतो, सगळे मुद्दाम बोली चढवतात, त्यात त्या बाईनं आजीच्या भोपळ्याला काहीतरी नाव ठेवलं आणि आजीनं ते मनावर घेतलं. दोन वर्षं बाकं शेजारी आणि नुसतं "जय ख्रिस्त", तेही दात न दाखवता.

मग गेल्या पावसाळ्यात ती बाई सलग तीन रविवार आली नाही. पहिल्या सोमवारी आजी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि परत आली, आम्हाला म्हणाली गुडघा दुखतोय. दुसऱ्या सोमवारी पाऊस होता. तिसऱ्या सोमवारी मी सोबत होतो, म्हणून सांगतोय. दार उघडलं, दोघी उभ्या, कुणीच काही बोलेना, मला वाटलं आता परत जायला लागणार.

ती बाई आत गेली आणि सूप घेऊन आली.