पिळावर उभी गाडी

मंडळी, गाडी खाली घ्यायची, म्हणजे तिची उंची कमी करायची म्हटलं की आपल्या मनात येतं ते स्प्रिंग कापणं. आज मी ज्या गाडीबद्दल बोलणार आहे, तिला कापायला स्प्रिंगच नाही. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोर्शेची ९११ लोकांसमोर आली. तेव्हापासून १९८९ पर्यंतची ही जुनी ९११ चार पोलादी दांड्यांच्या पिळावर उभी असते. यांना टॉर्शन बार म्हणतात. सुरुवातीच्या गाड्यांत मागची दांडी २३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे अंगठ्यापेक्षा थोडीच जाड. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे पीळच गेला तर गाडी बसलीच!

पुढच्या चाकांचं काम सोपं. दांडी खालच्या आर्ममधून, म्हणजे चाकाला धरून ठेवणाऱ्या हातामधून, गाडीच्या लांबीच्या दिशेने जाते आणि तिच्या मागच्या टोकाशी एक स्क्रू असतो. आवळला की गाडी वर, सैल केला की खाली.

गंमत मागच्या चाकांपाशी आहे. तिथे दांडी आडवी बसते आणि दोन्ही टोकांना दात्यांनी अडकते; उंची बदलायची तर ती दाते सरकवून फिरवायची. आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. असं का? आतलं टोक एक दाता सरकवलं की ९ अंश फिरतं. बाहेरचं साधारण ८.१८ अंश. एकच टोक सरकवलं तर उंचीत एकदम मोठी उडी. पण आतलं एका दिशेला आणि बाहेरचं उलट दिशेला एकेक दाता सरकवा. उरतो फक्त ०.८२ अंशाचा फरक. चाकापाशी तो साधारण ६ मिलिमीटर भरतो. अकरावीच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर हाताळलाय ना? तीच ही युक्ती, फक्त ग्रीस फासलेली. आणि दांडी बाहेर काढलीत, तर डावी-उजवी खूण बघा. एका दिशेने पीळ सोसायला तयार केलेली दांडी दुसऱ्या बाजूला बसवायची नसते.

एक गैरसमज मला फार छळतो. 'खाली घेतली की सस्पेन्शन कडक होतं.' होत नाही हो! दांडी तीच, जाडी तीच, लांबी तीच. बदलला तो फक्त तिचा सुरुवातीचा कोन. मग धक्के का बसतात? चाकाला वर जायला जागा कमी उरली, म्हणून आर्म रबरी गट्टूवर लवकर आपटतो. शिवाय पुढून फार खाली घेतली, तर स्टिअरिंगच्या आडव्या दांड्या तिरप्या होतात. मग खड्ड्यात चाक उचललं गेलं की ते स्वतःहूनच थोडं वळतं. या दांड्यांना डावी-उजवीकडे ढकलणाऱ्या स्टिअरिंग रॅकखाली चकत्या घालून रॅक वर घेणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय. आणि उंचीला हात लावला की अलाइनमेंट पुन्हा करायचंच.

माप घेताना घाई नको. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच खरी उंची दाखवत नाही. थोडी पुढे-मागे ढकला, दाबून सोडा, मग टेप लावा. आणि चारही कोपरे सारखे दिसले म्हणजे वजनही सारखं वाटलं गेलं, असं समजू नका. डुगडुगणारं टेबल आठवा: एका पायाखाली कागदाची घडी घातली की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर जातो. म्हणून चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, डावं-उजवं चाक जोडणारा अँटी-रोल बार सोडवायचा आणि मालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती सीटवर ठेवायची. इथे मालकाने वजन खरं सांगावं, एवढीच विनंती!