चवीनुसार मीठ, वजनानुसार तुरटी

श्रोतेहो, नमस्कार.

कोणतीही पाककृती सांगताना शेवटी एक शब्द हमखास येतो, 'चवीनुसार'. तो चालतो, कारण जीभ मध्येच निकाल देते. मीठ कमी पडलं तर चिमूटभर टाकायचं, जास्त झालं तर पाणी वाढवायचं. कापड रंगवण्याचा उद्योग करणाऱ्या आणि आवडीने स्वयंपाकही करणाऱ्या माणसाचा हात याच सवयीत तयार झालेला असतो, आणि रंगाच्या पातेल्याशी त्याची गडबड होते तीही इथेच. त्या पातेल्यात चाखून काही कळत नाही. बघूनही फारसं कळत नाही, कारण ओलं कापड नेहमीच गडद दिसतं. खरा रंग कापड वाळल्यावर दिसतो, आणि तोवर पातेलं रिकामं झालेलं असतं. म्हणून घरी कापड रंगवायचं असेल, तर रंगाच्या आधी वजनकाटा हवा, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा.

मोजायचं काय, तर कोरडं कापड. पुढचं सगळं माप त्या वजनाच्या टक्केवारीत चालतं. पाणी किती हे त्या मानाने गौण. कापड मोकळेपणी फिरेल इतकं पुरे. पातळ सुती कापड १०० ग्रॅम असेल तर तीन-चार लिटर. स्वयंपाकात पाणी वाढवलं की चव पातळ होते, तशी भीती इथे नाही. रंगद्रव्य आणि कापड यांचं प्रमाण ठरलेलं असलं, की पाण्याच्या कमीजास्तीने थोडाच फरक पडतो. मात्र पातेलं लहान पडलं आणि कापड घड्या होऊन बसलं, तर घडीच्या आत फिकट पट्टे राहतात आणि ते नंतर जात नाहीत.

आपण आज एकच कृती नीट बघू. कांद्याच्या सालींनी सुती कापडाला सोनेरी पिवळा रंग द्यायचा. कापड १०० ग्रॅम.

साली जमवायला वेळ लागतो. एका कांद्याची सुकी, कागदासारखी साल एक-दोन ग्रॅम भरली तरी खूप, आणि आपल्याला ५० ग्रॅम हव्यात; गडद रंग हवा असेल तर १००. म्हणजे कित्येक आठवड्यांचा स्वयंपाक. साली कागदी किंवा कापडी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत एखादी ओलसर साल राहिली की सगळ्या पिशवीला बुरशी धरते.

साली जमेपर्यंत कापड तयार करायचं, आणि बहुतेकांचं काम फसतं ते याच टप्प्यावर. दुकानातून आणलेलं सुती कापड दिसायला स्वच्छ असतं, पण त्यात कापसाचा स्वतःचा मेणचटपणा असतो आणि गिरणीतली खळही असते. चार लिटर पाण्यात चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, धुण्याचा सोडा घाला. खायचा सोडा नव्हे. साध्या साबणाचे चार थेंब टाका आणि कापड तासभर मंद उकळवा. पाणी फिक्या चहासारखं होतं. पांढऱ्या कापडातून ते कुठून आलं, असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतंच. पाणी फारच गढूळ झालं तर पुन्हा एकदा उकळवा. झालं की नाही याची परीक्षा सोपी आहे. कापड वाळवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब लगेच शोषला गेला तर कापड तयार. मोत्यासारखा वर बसून राहिला तर तिथे रंगही असाच बसून राहील, आणि कापडावर ढग उमटतील.

आता रंगबंधक. कापसाला रंग धरून ठेवायला मध्यस्थ लागतो. तो म्हणजे तुरटी. लोकर आणि रेशीम तुरटी आपण होऊन पकडतात. कापूस तितका उत्साही नसतो. म्हणून आधी टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, द्यायचं. डाळिंबाची सुकी साल २० ते २५ ग्रॅम घ्या, भरड कुटा, पाण्यात अर्धा तास उकळून गाळा. हे गाळलेलं पाणी हाताला सोसवेल इतकं गरम असताना त्यात कापड दोन तास ठेवा. मधूनमधून हलवत राहा. मग हलकं पिळायचं, खळखळून धुवायचं नाही.

दुसऱ्या पातेल्यात तुरटीचं पाणी. १५ ग्रॅम तुरटीची पूड गरम पाण्यात विरघळवा. २ ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या वाटीत विरघळवून हळूहळू त्यात ओता. फसफसून वर येतं, म्हणून पातेलं अर्धंच भरलेलं असू द्या. फेस बसला की कापड घाला, कोमट पाण्यात चांगलं हलवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पिळून एकदा साध्या पाण्यातून काढा. इथे अंदाजाने मूठभर तुरटी टाकली तर जादा तुरटी कापडावर चिकट थरासारखी बसते. तिला धरलेला रंग मग पहिल्याच धुण्यात तिच्यासकट निघून जातो.

मीठ आणि व्हिनेगर टाकलं की रंग पक्का होतो, हा सल्ला इतका पसरलेला आहे की त्याबद्दल बोलायलाच हवं. तो पूर्ण खोटा नाही, पण भलत्या पातेल्यातला आहे. काही कृत्रिम रंगांना सुती कापडावर बसताना मिठाची मदत होते. लोकरीच्या ॲसिड रंगांना व्हिनेगरसारखं आम्ल लागतं. पण कांद्याच्या सालीचा रंग सुती कापडावर टिकवण्याचं काम दोन्हींपैकी कोणीच करत नाही. मीठ कोशिंबिरीसाठी ठेवा.

आता रंग. ५० ग्रॅम साली पातेल्यात घालून वर येतील इतकं पाणी घाला आणि पाऊण तास मंद उकळा. पाणी लालसर तपकिरी होतं. गाळून घ्या, साल एकही राहू देऊ नका. कापडाला चिकटलेली साल तिथेच गडद ठिपका काढते. काढा कोमट झाला की त्यात कापड घालायचं, पण ओलं करून. कोरडं कापड घातलं तर जिथे आधी भिजलं तिथे रंग जास्त बसतो. हळूहळू आच वाढवत ८० अंश सेल्सिअसपर्यंत न्या. म्हणजे पाणी उकळत नाही, पण काठाला बारीक बुडबुडे थरथरत असतात, दूध उतू जायच्या जरा आधी दिसतं तसं. तिथे पाऊण ते एक तास. पहिली पंधरा मिनिटं पातेल्यापासून हलू नका, कापड सतत फिरवत ठेवा. डाग पडले तर याच वेळात पडतात. मग आच बंद करून कापड त्याच पाण्यात रात्रभर निवू द्या. सकाळी धुऊन सावलीत वाळवा.

हीच कृती लोकरीवर करायची तर टॅनिन लागत नाही, पण स्वभाव बदलावा लागतो. लोकरीला सोड्यात उकळणं म्हणजे तिचा घात. ती कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवायची. तिच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात ढवळत राहिलं, किंवा गरम पाण्यातून काढून थेट गार नळाखाली धरलं, की खवले एकमेकांत अडकतात आणि विणलेला मफलर आटून नमद्यासारखा घट्ट होतो. तो पुन्हा मोकळा होत नाही. लोकर ढवळायची नाही, वरून दाबायची. आणि धुण्याचं पाणी पातेल्यातल्या पाण्याइतकंच गरम घ्यायचं.

पिवळ्याचा हिरवट, शेवाळी रंग करायचा असेल तर लोह. फेरस सल्फेट कापडाच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे आपल्या कापडाला १ ग्रॅम. फार तर २. कोमट पाण्यात विरघळवून रंगवलेलं कापड पाच ते दहा मिनिटं बुडवा. रंग डोळ्यांदेखत बदलतो, आणि मोह होतो अजून थोडं ठेवण्याचा. हव्या त्या छटेच्या जरा आधीच कापड बाहेर काढा, कारण हवेत आल्यावर तो आणखी गडद होतो. लोहाचं प्रमाण वाढलं तर धागा कालांतराने ठिसूळ होतो. जुन्या भरतकामांत काळ्या रंगाचा भाग तेवढा झडून गेलेला आणि बाकीचं शाबूत दिसतं, त्याचं कारण बहुधा हेच, लोह आणि टॅनिन. या पाण्याची भांडी, चमचा आणि हातमोजे वेगळे ठेवा. लोहाचं पाणी लागलेल्या चमच्याने पुढच्या वेळी पिवळा ढवळला की तो मळकट झालाच म्हणून समजा.

यावरून भांड्यांची गोष्ट. रंगाचं पातेलं स्टेनलेस स्टीलचं घ्या, कारण ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही रंगात लुडबूड करतात. आणि एकदा रंगाला वापरलेलं पातेलं, गाळणी, झारा, वाटी, मापाचा चमचा पुन्हा अन्नाकडे नाही. घासून लखलखीत केलं तरी नाही. कांद्याची साल निरुपद्रवी आहे, पण उद्या त्याच पातेल्यात लोह येतं, परवा आणखी काही. नियमाला अपवाद ठेवला की घाईच्या सकाळी तोच अपवाद वापरला जातो. भांड्याच्या कडीला लाल सुतळी बांधून टाका, म्हणजे घरातल्या कुणाचाही हात अडखळेल. आच एकच असेल तर वेळा वाटून घ्या. जेवण उरकून, ओटा पुसून, खिडकी उघडून मग रंग. शेजारच्या शेगडीवर तळण आणि इकडे रंग, हे दोन्ही बाजूंनी वाईट. तेलाचा एक शिंतोडा कापडावर उडाला की तिथे रंग बसत नाही. कृत्रिम रंगाची पूड मात्र ओट्यावर कधीच उघडू नका. ती हवेत उडते आणि श्वासातून गेली तर दम्यासारखा त्रास जडू शकतो. मास्क लावून, ओला कागद अंथरून, स्वयंपाकघराबाहेर.

उलट दिशेनेही सांभाळावं लागतं. हळदीचा हात घेऊन पांढऱ्या धाग्याला शिवू नका. हळद साबणाने जात नाही, उलट साबण लागला की लालसर होते. बोटांना आधी थोडं तेल चोळा, मग साबण लावा. हळदीचा रंग तेलात विरघळतो. कापडावर डाग पडलाच, तर धुऊन उन्हात टाका. ऊन तो फिकट करतं. याच कारणाने हळद रंगकामाला कामाची नाही. रंगबंधकाशिवायही ती झळझळीत पिवळी बसते, नवशिक्याला हुरळून टाकते आणि काही उन्हांत विरते. बीटची तीच गत. उकळताना सुंदर, धुताना साफ. पालकाचा हिरवा तर पाण्यात नीट उतरतच नाही.

स्वयंपाकाचा हात जिथे खरोखर उपयोगी पडतो, ते काम म्हणजे पिठाची खळ लावून कापडावर रेषांची नक्षी उमटवणं. अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी गार पाणी, दोन चहाचे चमचे तुरटीची पूड. पाणी थोडंथोडं घालत फेटायचं, धिरड्याच्या पिठापेक्षा जरा दाट. गुठळ्या कशा मोडायच्या हे ज्याने कधी सॉस केला आहे त्याला सांगायला नको. लाकडी फळीवर कापड ताणून टाचण्या मारा, वर पट्टीने पातळ थर पसरा आणि रात्रभर वाळू द्या. कापड आक्रसून कडा वर येतात. मग ते चुरगाळायचं, म्हणजे पापुद्र्याला भेगा पडतात. त्या भेगांत कापडावर चालणारा दाट रंग कुंच्याने घासून भरा. पातेल्यात बुडवू नका, पीठ विरघळून जाईल. रंग वाळला की बाटलीवर लिहिल्याप्रमाणे इस्त्री करून पक्का करा, मग कापड पाण्यात भिजवून पीठ खरवडून काढा. आत झाडाच्या सालीसारखी बारीक रेषांची जाळी उमटलेली असते. थर जाड झाला तर भेगा मोजक्याच आणि ढोबळ पडतात. हवा दमट असेल तर तो वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो; अशा दिवसांत हे काम काढूच नये. उरलेल्या पिठात तुरटी आहे, ते कणकेत ढकलू नका.

आणि एक वही. प्रत्येक रंगाला कापडाचं वजन, साल किती, तुरटी किती, वेळ किती, एवढं लिहायचं आणि शेजारी वाळलेल्या कापडाचा तुकडा चिकटवायचा. तोच तुकडा थोडा लांब कापला तर आणखी एक काम होतं. अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून पट्टी उन्हाच्या खिडकीत लावा आणि दोन आठवड्यांनी कागद काढा. दोन भागांमध्ये सीमारेषा स्पष्ट दिसली, तर त्या रंगाचा पडदा करायचा नाही. पिशवीच्या अस्तराला तो चालेल. कांद्याच्या सालीची रेषा थोडी दिसेल. हळदीची पट्टी शेजारी लावून बघा.

नमस्कार.